विश्लेषण : प्रयोगशाळेत नोकरी लागली, पण किती महिन्यांची?

पुण्यात पाषाणला असलेल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची, म्हणजे एनसीएलची जाहिरात निघाली की एमएस्सीच्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर ती तासाभरात फिरू लागते. ‘एनसीएलमध्ये भरती, लेखी परीक्षा नाही, थेट मुलाखत, पगार अधिक घरभाडे’ एवढा मजकूर पुरतो. मुलाखतीच्या दिवशी लातूर, जळगाव, चंद्रपूरहून रात्रीची गाडी पकडून मुले पुण्यात उतरतात. निवड झाली तर गावाकडे पेढे वाटले जातात. मुलगा ‘सेंट्रल गव्हर्न्मेंट’मध्ये लागला, असे नातेवाईक एकमेकांना सांगतात.

जाहिरात खरी असते, प्रयोगशाळा नामवंत असते आणि पगारही मिळतो. पण त्याच जाहिरातीच्या शेवटच्या अटींमध्ये लिहिलेले असते की ही नेमणूक निव्वळ तात्पुरती आहे, प्रकल्प संपला की ती संपेल आणि कायम नोकरीवर कोणताही हक्क सांगता येणार नाही. ही ओळ अनेकांच्या लक्षात येते ती दोन-तीन वर्षांनी. तोवर कायम पदांसाठीचे वय हातातून निसटू लागलेले असते. देशाला संशोधनासाठी तरुण हात हवे असतील, तर या पेचाचा विचार केवळ उमेदवारांवर सोडून चालणार नाही.

एकाच फाटकातून दोन वाटा

वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद, म्हणजेच सीएसआयआर, १९४२ साली स्थापन झाली. तिच्या छत्राखाली आज देशभरात ३७ राष्ट्रीय प्रयोगशाळा आहेत. पुण्याच्या एनसीएलचे उद्घाटन ३ जानेवारी १९५० रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते झाले. नागपूरची नीरी आणि गोव्यात दोना पावला येथे असलेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था याच कुटुंबातल्या. त्यामुळे मराठी विद्यार्थ्यांना या प्रयोगशाळा दूरच्या वाटत नाहीत.

या संस्थांमध्ये दोन वेगवेगळ्या वाटांनी माणसे घेतली जातात. पहिली वाट कायम पदांची : शास्त्रज्ञ, तांत्रिक अधिकारी, तांत्रिक सहायक, तंत्रज्ञ, कनिष्ठ सचिवालय सहायक वगैरे. ही पदे मंजूर संख्येतली असतात, त्यांना सातव्या वेतन आयोगाचे वेतनस्तर लागू होतात, महागाई भत्ता आणि निवृत्तिवेतन योजना असते. दुसरी वाट प्रकल्पपदांची : प्रोजेक्ट असिस्टंट, प्रोजेक्ट असोसिएट-१ आणि २, सीनियर प्रोजेक्ट असोसिएट, प्रोजेक्ट सायंटिस्ट. यांचा पगार प्रयोगशाळेच्या आस्थापनेतून निघत नाही. एखाद्या शास्त्रज्ञाला सरकारी खात्याकडून किंवा उद्योगाकडून ठरावीक मुदतीसाठी जो निधी मिळतो, त्यातून तो दिला जातो.

वर्षभर ज्या जाहिराती मोबाइलवर दिसत राहतात, त्यातल्या बहुतेक दुसऱ्या वाटेच्या. कायम पदांची जाहिरात कधीतरी येते. पण बातमी किंवा फॉरवर्ड केलेला संदेश दोन्हींना ‘भरती’ हा एकच शब्द वापरतो. गोंधळाची सुरुवात तिथेच होते.

हातात किती येतात?

प्रकल्पपदांच्या मानधनाची आजची चौकट केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने जुलै २०२० मध्ये आदेश काढून घालून दिली. त्या आदेशानुसार, नेट, गेट किंवा तत्सम राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण असलेल्या प्रोजेक्ट असोसिएट-१ ला दरमहा ३१ हजार रुपये आणि घरभाडे भत्ता ठरला. ती परीक्षा उत्तीर्ण नसलेल्याला २५ हजार आणि घरभाडे. दोन वर्षांच्या संशोधन अनुभवानंतर मिळणाऱ्या प्रोजेक्ट असोसिएट-२ या पदासाठी हेच आकडे अनुक्रमे ३५ हजार आणि २८ हजार. बीएस्सी किंवा पदविका झालेल्या प्रोजेक्ट असिस्टंटला २० हजार. दर वेळोवेळी बदलतात. त्यामुळे जुन्या संदेशातला आकडा धरून बसू नये, ताज्या जाहिरातीतला पाहावा.

पुणे हे घरभाडे भत्त्यासाठी ‘एक्स’ वर्गातले शहर. तिथे ३० टक्के दराने हिशेब केला, तर २०२० च्या आदेशातल्या आकड्यांनुसार नेटधारकाच्या हातात महिन्याला ४० हजार ३०० रुपये येतात आणि नेट नसलेल्याच्या हातात ३२ हजार ५००. दोघांचे पद एक, टेबल शेजारी-शेजारी, काम बहुधा सारखेच. फरक महिन्याला ७ हजार ८०० रुपयांचा, म्हणजे वर्षाला ९३ हजार ६०० रुपयांचा.

बावीस-तेविशीतल्या मुलासाठी ही रक्कम वाईट नाही. खासगी औषध कंपनीत नव्या एमएस्सीला याहून कमी पगारावर पाळीत काम करावे लागते, अशी उदाहरणे पुण्याच्या आसपास भरपूर सापडतील. शिवाय उत्तम उपकरणे, मोठे ग्रंथालय, नावाजलेल्या शास्त्रज्ञांचा सहवास. म्हणून प्रकल्पपद घेणे ही चूक आहे, असे कुणी म्हणू नये. तिथे किती काळ थांबायचे आणि त्या काळात काय मिळवायचे, याचा विचार मात्र रुजू होण्याआधी व्हायला हवा.

वयाची दोन घड्याळे

खरा पेच वयोमर्यादेचा आहे. प्रोजेक्ट असोसिएट पदांसाठी कमाल वय ३५ वर्षे, सीनियर प्रोजेक्ट असोसिएटसाठी ४०, तर प्रोजेक्ट असिस्टंटसाठी तब्बल ५०. आता त्याच प्रयोगशाळेतली कायम पदे पाहा. सर्वसाधारण गटातल्या उमेदवाराला तंत्रज्ञ आणि तांत्रिक सहायक या पदांसाठी २८ व्या वर्षापर्यंत अर्ज करता येतो. तांत्रिक अधिकाऱ्यासाठी मर्यादा ३० ची, शास्त्रज्ञासाठी ३२ ची, वरिष्ठ शास्त्रज्ञासाठी ३७ ची. राखीव प्रवर्गांना नियमानुसार सूट मिळते, पण मूळ अंतर तसेच राहते.

याचा अर्थ असा, की तिशी-पस्तिशीतला पदवीधर तात्पुरत्या कामासाठी चालतो. तेच काम, तेच यंत्र, तीच इमारत, पण पद कायम असेल तर तो ‘वयाने बाद’ ठरतो.

एक साधा हिशेब मांडून पाहू. एखादा विद्यार्थी २३ व्या वर्षी एमएस्सी होतो आणि प्रोजेक्ट असोसिएट-१ म्हणून रुजू होतो. प्रकल्प दोन वर्षांत संपतो. मधले काही महिने रिकामे जातात, मग दुसरा प्रकल्प मिळतो. २६ व्या वर्षी तो प्रोजेक्ट असोसिएट-२ होतो. हा प्रकल्प संपेतो तो २८ पार करतो आणि तांत्रिक सहायकाचे दार बंद होते. हे पद वेतनस्तर ६ चे, सुरुवातीचे मूळ वेतन ३५ हजार ४०० रुपये अधिक भत्ते. पाच वर्षांत तो नेमके तेच काम शिकलेला असतो, पण आता अर्ज करू शकत नाही.

दुसरा मार्ग शास्त्रज्ञ होण्याचा. त्यासाठी साधारणपणे पीएचडीचा प्रबंध सादर केलेला असावा लागतो किंवा एमई-एमटेक असावे लागते. प्रकल्पात चार वर्षे घालवून २७ व्या वर्षी पीएचडी सुरू करणारा ३२ च्या आत प्रबंध सादर करेलच, याची खात्री कोण देणार? आणि केला, तरी त्या वर्षी त्याच्या विषयाची जागा निघायला हवी. शास्त्रज्ञाचे पद वेतनस्तर ११ चे, मूळ वेतन ६७ हजार ७०० रुपयांपासून सुरू होते. त्यासाठी देशभरातून अर्ज येतात आणि विषयागणिक जागा मोजक्याच असतात.

इथे आणखी एक गैरसमज दूर व्हायला हवा. प्रकल्पावर रुजू झाले म्हणजे पीएचडीला प्रवेश मिळाला, असे होत नाही. सीएसआयआरच्या प्रयोगशाळांमध्ये पीएचडीची पदवी प्रामुख्याने वैज्ञानिक आणि नवोन्मेषी संशोधन अकादमी, म्हणजे एसीएसआयआर देते आणि तिची प्रवेशप्रक्रिया स्वतंत्र असते. ‘आधी रुजू हो, पीएचडीचे पुढे बघू’ हे वाक्य अनेक तरुणांना महागात पडते.

मग प्रकल्पपदे बंदच करावीत का?

मुळीच नाही. संशोधनाचा स्वभावच असा आहे, की सगळे हात कायमचे नेमता येत नाहीत. एखाद्या उत्प्रेरकावर तीन वर्षांचा प्रकल्प मिळाला, तर त्या तीन वर्षांपुरती माणसे लागतात. उत्तर नकारार्थी आले, तर तो विषय तिथेच थांबवावा लागतो. जगभरच्या प्रयोगशाळा असे मुदतीचे काम देतात. प्रत्येक प्रकल्पपद कायम केले, तर नव्या विषयांना आणि नव्या मुलांना जागाच उरणार नाही. प्रकल्पप्रमुख शास्त्रज्ञाच्या हातीही कायम पद देण्याचा अधिकार नसतो. पद मंजूर करणे हा दिल्लीचा विषय आहे.

तरीही एक फरक करायला हवा. काही कामे मुदतीची असतात आणि काही बारमाही. एनसीएलमध्ये औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. त्यातले जिवाणू आणि बुरशी प्रकल्पाच्या तारखा पाहून जगत नाहीत, त्यांची निगा वर्षानुवर्षे राखावी लागते. एनएमआर यंत्राच्या चुंबकात द्रव हेलियम वेळेवर भरावाच लागतो, मग प्रकल्प चालू असो की संपलेला. जिथे काम बारमाही आहे, तिथे माणूसही बारमाही हवा. असे काम एकामागून एक प्रकल्पांच्या निधीतून, दर दोन वर्षांनी नव्या माणसाकडून करून घेतले, तर नुकसान प्रयोगशाळेचेच होते. यंत्राच्या खोडी ओळखणारा हात तयार होतो आणि निघून जातो. नव्याला पुन्हा पहिल्यापासून शिकवावे लागते.

ऊतीसंवर्धनाच्या तंत्राने परीक्षानळीतल्या बांबूला फुलोरा आणल्याचे एनसीएलच्या संशोधकांनी १९९० मध्ये जगाला दाखवले. निसर्गात जो फुलोरा यायला अनेक दशके लागतात, तो प्रयोगशाळेत अल्पावधीत आला होता. ऊतीसंवर्धनासारखे काम टिकून राहिलेल्या गटांच्या बळावर उभे राहते. सारखे बदलणारे हात त्याला पोषक नसतात.

न्यायालयाचा आधार मिळतो का?

प्रकल्पपदावर पाच वर्षे काढली म्हणजे कायम होण्याचा हक्क मिळतो, असा समज असेल तर तो काढून टाकलेला बरा. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने १० एप्रिल २००६ रोजी उमादेवी खटल्यात स्पष्ट केले, की तात्पुरत्या किंवा कंत्राटी नेमणुकीतून कायम पदाचा हक्क आपोआप तयार होत नाही. सरकारी पद खुल्या स्पर्धेतूनच भरले पाहिजे, हे त्यामागचे तत्त्व.

मात्र डिसेंबर २०२४ मध्ये जग्गो विरुद्ध भारत सरकार या खटल्यात त्याच न्यायालयाने दुसरी बाजूही ठळक केली. केंद्रीय जल आयोगात वर्षानुवर्षे सफाई आणि बागकाम करणाऱ्यांना अचानक काढून टाकले होते. काम कायमस्वरूपी आणि गरजेचे असताना माणसांना केवळ नावापुरते तात्पुरते ठेवायचे आणि मग उमादेवी निकालाची ढाल पुढे करायची, हे योग्य नाही, असे म्हणत न्यायालयाने त्यांना सेवेत नियमित करण्याचा आदेश दिला. ठरावीक मुदतीच्या संशोधन प्रकल्पाला हा निकाल जसाच्या तसा लागू होत नाही. पण बारमाही काम आणि मुदतीचे काम यांत फरक करण्याची दिशा त्यातून नक्कीच मिळते.

पैशाचे दुखणे

प्रकल्पातल्या माणसाला आणखी एक चिंता असते : महिनाअखेरीस मानधन येईल का? प्रकल्पाचा निधी साधारणपणे हप्त्यांनी येतो. आधीच्या हप्त्याचा हिशेब आणि उपयोगिता प्रमाणपत्र पोहोचल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही. या कागदांच्या प्रवासात दोन-तीन महिने सहज जातात. प्रयोगशाळेच्या कायम कर्मचाऱ्याला त्याची झळ बसत नाही, प्रकल्पावरच्या मुलाला बसते. पुण्यात खोलीचे भाडे आणि खानावळीचे पैसे मात्र दर महिन्याला द्यावे लागतात.

याच्या मुळाशी देशाची संशोधनावरची हात आखडून केलेली तरतूद आहे. भारताचा संशोधन आणि विकासावरचा एकूण खर्च २०१०-११ मधील सुमारे ६० हजार कोटींवरून २०२०-२१ मध्ये सुमारे १ लाख २७ हजार कोटींवर गेला. आकडा दुपटीहून मोठा झाला, पण देशाच्या सकल उत्पन्नाच्या तुलनेत तो जेमतेम ०.६४ टक्के होता. २०२३ च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान उभे राहिले आणि मोठ्या निधीच्या घोषणा झाल्या. त्या निधीतून प्रकल्प वाढतील, तशी प्रकल्पपदेही वाढतील. म्हणजे हा प्रश्न उद्या आणखी हजारो तरुणांचा होणार आहे.

काय बदलायला हवे?

त्यासाठी नवा कायदा लागत नाही. काही गोष्टी प्रयोगशाळेच्या पातळीवर, काही सीएसआयआरच्या मुख्यालयात एका परिपत्रकाने होऊ शकतात.

पहिली गोष्ट, जाहिरातीत प्रकल्पाची शिल्लक मुदत महिन्यांत आणि ठळक अक्षरांत लिहावी. ‘प्रकल्पाच्या कालावधीपर्यंत’ या शब्दांतून उमेदवाराला काहीच कळत नाही. ‘१४ महिने शिल्लक’ असे लिहिले की लातूरहून पुण्याला यायचे की नाही, हे घरच्यांशी बसून ठरवता येते. या कामावर असताना पीएचडीला नोंदणी करता येईल का, याचे हो किंवा नाही असे उत्तरही तिथेच असावे.

दुसरी, कायम पदांचे वार्षिक वेळापत्रक. केंद्रीय लोकसेवा आयोग वर्षभराच्या परीक्षांच्या तारखा आधी जाहीर करतो. ३७ प्रयोगशाळांची परिषदही कोणत्या तिमाहीत कोणत्या विषयाच्या जागा निघतील, हे सांगू शकते. सध्या २७ वर्षांचा मुलगा जाहिरातीची वाट पाहतो आणि ती आली तेव्हा तो २९ चा झालेला असतो. उशीर संस्थेचा असताना वय त्याचे मोजले जाते.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, राष्ट्रीय प्रयोगशाळांमध्ये प्रकल्पपदावर घालवलेली वर्षे कायम पदाच्या वयोमर्यादेतून पूर्णपणे वजा व्हावीत आणि तसे प्रत्येक जाहिरातीत लिहिलेले असावे. यावर आक्षेप येईल, की त्यामुळे आतल्यांना फायदा होईल आणि बाहेरच्या हुशार उमेदवारावर अन्याय होईल. तो आक्षेप टिकत नाही. वयाची सूट म्हणजे नेमणूक नव्हे. सूट मिळालेल्यालाही तीच लेखी परीक्षा आणि तीच मुलाखत द्यावी लागेल. स्पर्धेत उभे राहण्याची संधी मागणे आणि वशिला मागणे यांत फरक आहे.

चौथी, मानधनासाठी प्रत्येक प्रयोगशाळेने छोटा फिरता निधी ठेवावा. हप्ता उशिरा आला, तर तीन महिन्यांचे मानधन त्यातून द्यावे आणि निधी आल्यावर वळते करून घ्यावे. पाचवी, मुलाखतीनंतर निवड आणि प्रतीक्षा यादी गुणांसह संकेतस्थळावर लावावी. लेखी परीक्षा नसलेल्या निवडीवर विश्वास बसायचा असेल, तर एवढी पारदर्शकता लागतेच.

अर्ज करण्यापूर्वी

नियम बदलतील तेव्हा बदलतील. तोवर मोबाइलवर जाहिरात दिसली, तर उमेदवाराने फॉरवर्डवर न थांबता प्रयोगशाळेच्या अधिकृत संकेतस्थळावरची मूळ जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत वाचावी. नेमणुकीची हमी देऊन पैसे मागणारा कुणीही असो, तो फसवणूक करतो आहे असेच समजावे. मुलाखतीसाठी प्रवासखर्च बहुधा मिळत नाही, त्यामुळे पात्रतेची अट तंतोतंत जुळत असेल तरच तिकीट काढावे.

मुलाखतीत प्रश्न फक्त समोरच्यांनीच विचारायचे असतात, असे नाही. प्रकल्प कधी संपतो, काम कोणत्या उपकरणांवर आहे, शोधनिबंधात नाव येते का, अनुभव प्रमाणपत्र कसे मिळते, हे नम्रपणे विचारले तर कुणी रागावत नाही. रुजू झाल्यावर पहिल्या वर्षात नेट किंवा गेटचा निकाल लावून घेण्याचे ध्येय ठेवावे. त्याने मानधनही वाढते आणि पीएचडीचा रस्ताही मोकळा होतो. प्रकल्पावर दोन वर्षे झाली की थांबून हिशेब करावा : पीएचडी, उद्योग की स्पर्धा परीक्षा? ‘अजून एक प्रकल्प’ हे उत्तर सोपे असते, पण २८, ३० आणि ३२ या तीन आकड्यांसमोर ठेवूनच ते द्यावे.

पालकांनीही ‘लागला’ या शब्दाची घाई करू नये. मुलगी किंवा मुलगा देशातल्या एका उत्तम प्रयोगशाळेत काम शिकतो आहे, ही अभिमानाची गोष्ट आहेच. ती दोन वर्षांची उमेदवारी आहे, हे माहीत असले की लग्नाची बोलणी, घराचे कर्ज, धाकट्याचे शिक्षण यांची गणिते त्या भरवशावर मांडली जात नाहीत आणि प्रकल्प संपला म्हणून मुलाला अपयशी ठरवलेही जात नाही.

प्रयोगशाळेला मात्र या मुलांच्या वर्षांचा हिशेब ठेवावा लागेल. रसायन किती वापरले, हेलियम किती लागला, याची नोंद प्रत्येक प्रकल्पाच्या अहवालात असते. त्या प्रकल्पात कोणाच्या आयुष्यातली किती वर्षे गेली आणि ती माणसे पुढे कुठे पोहोचली, याचाही एक रकाना त्या अहवालात असायला हवा.